प्रोजेक्ट देखणं झालं, पण समजलं का? अभ्यासक्रमातच हे कसं बसवायचं?

शाईचीदौत

आमच्या शाळेत पाचवी ते आठवीचा विज्ञानाचा अभ्यासक्रम नव्याने आखायचं काम चाललंय आणि त्यात मी आहे. ठरलंय असं की प्रकल्पांतून शिकवायचं. मला ते मनापासून हवंय आणि म्हणूनच एक गोष्ट सारखी टोचतेय ती इथे मांडते.

मागच्या वर्षी सातवीच्या एका गटाने ऋतूंचं मॉडेल केलं होतं. मध्ये बल्ब, भोवती मोटरवर फिरणारी पृथ्वी, अक्ष बरोब्बर साडेतेवीस अंशात कललेला, खाली निळ्या कागदावर चंदेरी पेनने महिन्यांची नावं. प्रदर्शनात सगळे त्याच टेबलापाशी थांबत होते. गर्दी ओसरल्यावर मी त्यातल्या एका मुलीला सहज विचारलं, उन्हाळा का होतो गं? "तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते." मी म्हटलं, मग हा अक्ष तिरका कशाला केलास? "पुस्तकातल्या चित्रात तसा आहे." स्वतः कोनमापक लावून तिने तो अक्ष कलता केला होता!

पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७० लाख किमीवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २० लाखांच्या आसपास. म्हणजे उत्तर गोलार्धातला उन्हाळा आपण लांब असतानाच येतो. हा गैरसमज भल्याभल्यांचा असतो, १९८७ च्या एका माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदानाच्या दिवशी २३ जणांना हा किंवा चंद्राच्या कलांचा प्रश्न विचारला होता आणि २१ जण चुकले होते. त्यामुळे त्या मुलीचा मला जराही राग नाही. चूक माझी, कारण प्रोजेक्ट मी दिला होता.

मी नंतर घरी बसून आठवत होते की त्या तीन आठवड्यांत ही मुलं माझ्याकडे काय काय विचारायला आली. मोटर जोरात फिरते काय करू, बल्ब तापतो कागद जळेल का, गोळा जड झाला दांडी वाकते. एकदाही अक्षाबद्दल काही नाही, कारण अक्षाबद्दल त्यांना काही ठरवावंच लागलं नव्हतं. तो उलट्या बाजूला कलवला असता तरी मॉडेल तसंच फिरलं असतं आणि तितकंच छान दिसलं असतं.

तर माझं म्हणणं असं की मूल प्रोजेक्टमधून तेच शिकतं ज्यावाचून त्याचं अडतं. संकल्पनेवाचून अडत नसेल तर ते मोटर आणि डिंक शिकतं. (तेही शिकावं, पण आपण तीन आठवडे त्यासाठी दिलेले नसतात.) आता हे एकेका शिक्षकाच्या हुशारीवर न सोडता अभ्यासक्रम आखतानाच कसं बसवायचं? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी लिहा प्लीज.

कोरीपाटी

वाचतेय. पहिलंच वर्ष आहे माझं आणि ज्वालामुखीचा प्रोजेक्ट मी गेल्याच महिन्यात दिला. सोडा आणि व्हिनेगर. आता वाचून पोटात गोळा आला कारण माझी मुलं बहुतेक हेच धरून बसली असणार की ज्वालामुखीत असंच काहीतरी मिसळतं.

लंबक

@कोरीपाटी, बरं झालं हे उदाहरण दिलंत. त्यात फेस येतो तो आम्ल आणि सोड्याच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि खरा ज्वालामुखी उसळतो तो वर येताना दाब कमी होऊन मॅग्मात (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात) विरघळलेले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ, बाहेर पडतात म्हणून. सोडावॉटरची बाटली हलवून उघडली तर ते जास्त जवळचं. म्हणजे दिसायला सारखं पण कारण वेगळं. मॉडेल देताना मी आता एवढंच तपासतो की मॉडेलमध्ये जे घडतं त्याचं कारण आणि खऱ्यातलं कारण एकच आहे का. नसेल तर ते मॉडेल देखावा आहे.

मूळ धाग्याबद्दल सविस्तर लिहितो, आता तास आहे.

दोन_मुलांची_आई

शिक्षक नाही, पालक आहे, तरी लिहू का? आमच्या घरी प्रोजेक्ट म्हणजे रात्री साडेअकराला थर्माकोल कापणं. मुलगा झोपलेला असतो आणि मी आणि त्याचे बाबा सुबक अक्षरात नावं लिहीत असतो, कारण दुसऱ्या मुलांची देखणी येतात आणि मार्क दिसण्यालाच असतात. मला खरंच वाईट वाटतं असं करताना. पण त्याचं वेडंवाकडं मॉडेल नेलं तर त्याला कमी मिळतात, एकदा तसं झालंय आणि त्यानंतर तो म्हणाला तूच कर. घरी करायला देऊच नका हो, एवढंच माझं मागणं.

शाईचीदौत

@दोन_मुलांची_आई, अवश्य लिहा, उलट हेच ऐकायला हवं. "तूच कर" वाचून गलबललं. समितीत मी हे जसंच्या तसं सांगणार आहे. प्रकल्पाचं काम वर्गातच, घरी न्यायचं फक्त निरीक्षण किंवा वाचन, असा नियमच करता येईल.

तिरकीरेघ

मी गणित शिकवतो आणि थोडा विरोधात बोलणार आहे, राग मानू नका. मुळात प्रोजेक्टने शिकवायचं कशाला? ज्याला विषयातलं काही येत नाही त्याला मोकळं सोडलं तर तो चाचपडतो, त्याचं सगळं डोकं चाचपडण्यातच खर्च होतं आणि शिकायला जागाच उरत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा २००६ चा लेख हेच सांगतो, नवख्याला कमीत कमी मार्गदर्शन देऊन शिकवणं जमत नाही, त्याला आधी सोडवलेली उदाहरणं दाखवावी लागतात. माझा वर्गातला अनुभवही तोच आहे. आधी नीट शिकवा, सराव करून घ्या, मग पाहिजे तर प्रोजेक्ट.

लंबक

तास संपला, आलो.

@तिरकीरेघ, तुम्ही म्हणता तो लेख मी मानतो. पण पुढच्याच वर्षी हमेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी त्याला उत्तर दिलं होतं की चांगल्या प्रकल्पात मुलं मोकळी सोडलेली नसतातच, पायरीपायरीला आधार असतो. माझ्या मते दोघांचं भांडण "मार्गदर्शन हवं का" यावर कमी आणि "कधी द्यायचं" यावर जास्त आहे. एक उदाहरण देतो, माझं आवडतं, नावावरून कळलंच असेल.

सहावीला काम असं: दोरी आणि वजन वापरून असा लंबक करा की तो ३० झोक्यांत बरोब्बर एक मिनिट मोजेल, म्हणजे एक पूर्ण झोका दोन सेकंदांचा. सुरुवातीला प्रत्येकाने वहीत लिहायचं की झोका हळू करायला काय बदलाल. जवळजवळ सगळा वर्ग लिहितो वजन वाढवा. मग वजन वाढवतात, मोजतात आणि काहीच बदलत नाही. परत मोजतात. एक मुलगा तर म्हणाला होता घड्याळ बिघडलंय. मग कोणीतरी दोरीकडे वळतं. २५ सेंटिमीटरला एक सेकंदाचा झोका मिळतो, तर दोन सेकंदांसाठी दोरी दुप्पट करू, ५० सेंटिमीटर. येतात १.४ सेकंद. इथे वर्ग शांत होतो, कारण त्यांना ठाम वाटत असतं की दुप्पटला दुप्पटच यायला पाहिजे.

आणि *आता* मी खडू हातात घेतो. पंधरा मिनिटं फळ्यावर सरळ शिकवतो, तक्ता कसा मांडायचा, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, वेळ दुप्पट व्हायला लांबी चौपट का लागते. तीच पंधरा मिनिटं मी पूर्वी पहिल्या दिवशी द्यायचो तेव्हा निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायचा. आता बघत नाहीत कारण त्यांचं तिथेच अडलेलं असतं. मग जाऊन १०० सेंटिमीटर करतात (दोरी वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची, वजनाच्या वरच्या टोकापर्यंत नाही, हे सांगायला मी पहिल्या वर्षी विसरलो होतो आणि सगळ्यांची उत्तरं थोडी थोडी चुकली).

तर शिकवणं आहेच, पूर्ण आहे, फक्त त्याची जागा हलवली. अभ्यासक्रमात ही जागा लिहून ठेवावी लागते, "तिसऱ्या तासाला फळ्यावर हे", नाहीतर घाईत ते पंधरा मिनिटांचं शिकवणंच पहिलं गळतं.

तिरकीरेघ

हे पटलं. माझा आक्षेप "शोधा म्हणजे सापडेल" याला होता. पण सरावाचं काय? एकदा १०० सेंटिमीटर मिळालं म्हणजे वेळेचं लांबीच्या वर्गमुळाशी असलेलं नातं समजलं असं मी धरणार नाही.

लंबक

धरूच नका. त्यानंतर दोन तास साधी गणितं असतात वहीत. ती मुकाट्याने करतात कारण कशाची आहेत ते माहीत असतं.

जुनाफळा

निवृत्त शिक्षक. आमच्या वेळी हे शब्द नव्हते पण हा वाद मात्र फार जुना आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर लेख लिहिला १९१८ साली, आणि त्यांचा भर होता तो मुलाने मनापासून हाती घेतलेल्या कामावर. ड्युई त्यांचे गुरू, सगळे त्यांचंच नाव घेऊन उपक्रम करतात, पण १९३८ मध्ये त्याच ड्युईंनी स्वच्छ लिहिलं की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव तर पुढच्या शिकण्याच्या आड येतात. ज्वालामुखीचं उदाहरण वाचून तेच आठवलं.

आखणीबद्दल मला एकच सांगायचंय. आम्ही प्रकल्प ठरवायचो आणि मग त्यात कोणता धडा "कव्हर" होतो ते शोधायचो. हे उलटं होतं. विगिन्स आणि मॅकटाय यांनी १९९८ मध्ये मागून पुढे येणारी आखणी मांडली ती मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत वाचली आणि हळहळलो की आधी का नाही वाचली. आधी ठरवा की मुलाला शेवटी काय समजलेलं हवं, मग ठरवा की ते समजलंय हे तुम्हाला कशावरून कळेल, आणि मग सगळ्यात शेवटी काम निवडा. आपण तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिसरं सुचायला सोपं आणि मजेचं असतं.

शाईचीदौत

सर, "कशावरून कळेल" इथेच आमची समिती अडकलीये. सध्या रुब्रिकमध्ये (मार्क कशाकशाला द्यायचे त्या तक्त्यात) आहे: मांडणी, सहकार्य, सादरीकरण, नावीन्य. चारही चांगल्या गोष्टी, पण चारहींत पैकीच्या पैकी घेऊन ऋतू चुकीचे समजलेले असू शकतात, ते मी पाहिलंच.

तिरकीरेघ

यावर माझ्याकडे आहे एक. प्रोजेक्ट संपल्यावर एक प्रश्न असा विचारायचा की ज्याचं उत्तर प्रोजेक्टमध्ये केलेलं नाही पण समजलं असेल तर देता येईल. आणि तो प्रत्येकाला एकट्याला.

आमच्याकडे आठवीला कागदी पट्ट्यांचा पूल असतो. पूल झाला, वजन टांगून झालं, टाळ्या झाल्या. मग मी विचारतो, हाच पूल लांबी रुंदी जाडी सगळं दहापट करून बांधला तर तो आत्ताच्या प्रमाणातच मजबूत राहील का? पुलाचं स्वतःचं वजन हजारपट होतं आणि पट्टीच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार, तोही फक्त स्वतःच्याच वजनाचा. गॅलिलिओने १६३८ मध्ये हेच मांडलं होतं, हाडांची चित्रं काढून. ज्या गटाचा पूल सगळ्यात जास्त वजन पेलतो त्या गटातलीही तीन मुलं लिहितात "हो, दहापट मजबूत होईल". आणि पूल मोडलेल्या गटातली एक मुलगी एकदा लिहून गेली की "दहापट केला तर तो आपल्याच ओझ्याने आधी वाकेल". मार्क कोणाला द्यायचे मग? मी दोन वेगळे देतो, पुलाचे गटाला आणि या प्रश्नाचे ज्याचे त्याला, आणि वजन दुसऱ्याला जास्त.

कोरीपाटी

पण गटात एकच मुलगा सगळं करतो त्याचं काय करायचं? बाकीचे रंगवतात. मी दर वेळी सांगते सगळ्यांनी करा, ऐकत नाहीत.

इतिहासवेडा

@कोरीपाटी, सांगून होत नाही, कामाचीच रचना तशी लागते. एलियट ॲरन्सन यांची जिगसॉ पद्धत शोधून बघा, १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये सुरू झाली. प्रत्येकाकडे माहितीचा असा एक तुकडा की जो बाकीच्यांकडे नाही आणि ज्याशिवाय काम पुरं होत नाही.

मी इतिहासात असं करतो. पूर्वी मी पण चार्टच द्यायचो, अमुक घटनेवर चार्ट करा, आणि यायचं काय तर पुस्तकातला उतारा मोठ्या अक्षरात. आता चार जणांना एकाच घटनेची चार साधनं देतो, एक सरकारी नोंद, एक त्या वेळचं पत्र, एक वर्तमानपत्रातली बातमी, एक खूप वर्षांनी लिहिलेली आठवण. मुद्दाम अशी निवडतो की ती एकमेकांशी जुळत नाहीत. काम: संग्रहालयातल्या पाटीसाठी ८० शब्द लिहा. ऐंशीच. आता भांडावंच लागतं. आकडे दोन वेगळे आहेत तर पाटीवर कुठला? पत्र लिहिणारा तिथे हजर होता का? आठवण सांगणाऱ्याने चाळीस वर्षांनी लिहिलंय तर किती धरायचं? शब्दमर्यादा काढून टाकली त्या वर्षी मुलांनी सगळंच लिहिलं, हाही म्हणतो तोही म्हणतो, आणि कोणी काही ठरवलं नाही. त्यामुळे धागाकर्तीचं "अडतं" मला फारच पटलं. कधी कधी ते ८० या आकड्यामुळे अडतं.

लंबक

इतिहासवेडा, +१. ८० शब्दांची पाटी चोरतोय.

दोन_मुलांची_आई

हे सगळं वाचून बरं वाटतंय पण एक शंका. वेळ? पोर्शन पूर्ण झाला नाही की आम्हीच पालक शाळेत जाऊन विचारतो, हे कबूल करते.

शाईचीदौत

रास्त आहे. आत्ताच्या आराखड्यात वर्षाला अकरा प्रोजेक्ट आहेत, दर धड्यामागे एक. मी म्हणतेय तीन करू. कुठले तीन, तर ज्या संकल्पना वाचून कळल्यासारख्या वाटतात पण कळत नाहीत त्या. ऋतू, विजेचा प्रवाह (बल्बमध्ये प्रवाह "संपतो" असं मुलं ठाम मानतात), हवेला वजन असतं हे. बाकी धडे नेहमीसारखे शिकवू. वनस्पतींच्या भागांची नावं शिकायला कशाला हवा प्रोजेक्ट, एका तासात होतात.

जुनाफळा

तीनच ठेवा. आणि प्रत्येकात दुसऱ्यांदा करायला वेळ ठेवा. रॉन बर्गर नावाचे शिक्षक फुलपाखराच्या चित्राचं उदाहरण देतात. पहिलीतला मुलगा शास्त्रीय चित्र काढतो, वर्गमित्र नेमकं सांगतात की पंखाचा आकार बघ, टोक बघ, आणि सहाव्या प्रयत्नाला ते चित्र त्याच मुलाचं आहे हे ओळखू येत नाही इतकं अचूक होतं. आपल्याकडे पहिला कच्चा प्रयत्नच शेवटचा असतो आणि त्यालाच मार्क. समज बसते ती चुकलेलं परत करताना. अकरा प्रकल्पांत परत करायला वेळ कुठून येणार?

लंबक

सरांच्या म्हणण्याला जोडून. १९९८ मध्ये ब्रिजिड बॅरन आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला होता, त्यात मुलांच्या रॉकेटच्या प्रकल्पाचं उदाहरण आहे. नुसतं बनवा आणि उडवा असं होतं तेव्हा मुलं फारसं शिकली नाहीत. रॉकेटच्या रचनेतल्या कुठल्या गोष्टीने उंचीवर फरक पडतो ते शोधा आणि त्यावरून आराखडा द्या, असं काम बदललं तेव्हा शिकली. प्रश्न बदलला फक्त. शाईचीदौत, तुमच्या ऋतूंचा प्रश्न बदलू या का? मी असं सुचवतो: "मॉडेल करा" काढून टाका. चार गट, चार अक्षांश: विषुववृत्त, ४० उत्तर, ४० दक्षिण, ६५ उत्तर. काम: तुमच्या गावी सोलर पॅनेल दुपारी बाराला सूर्याकडे सरळ तोंड करून ठेवायचंय, जूनमध्ये किती तिरपं ठेवाल आणि डिसेंबरमध्ये किती?

४० उत्तरला सूर्य जूनमध्ये साडेत्र्याहत्तर अंश वर येतो आणि डिसेंबरमध्ये साडेसव्वीस. ४० दक्षिणवाल्यांचं बरोब्बर उलटं निघेल. दोन्ही गट एकाच पृथ्वीवर, सूर्यापासूनचं अंतर दोघांचं एकच, मग "जवळ जाते" म्हणणाऱ्याने करायचं काय? तिथे अडेल.

शाईचीदौत

लंबक, हे वाचून मी खुर्चीतून उठले अक्षरशः. उद्याच समितीत ठेवते. सोबत टॉर्च आणि आलेखाचा कागद, सरळ प्रकाशात किती चौकटी उजळतात आणि तिरप्यात किती. ३० अंशाच्या उंचीवरून टाकला तर दुप्पट यायला हव्यात ना?

तिरकीरेघ

गणिताने दुप्पट. पण टॉर्चचा झोत पसरतो, त्यामुळे कागदाची नळी लावा आणि अंतर तेच ठेवा. तरी नेमकं दुप्पट येणार नाही, मुलांना आधीच सांगू नका का ते, विचारा.

शाईचीदौत (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. सातवीच्या एका तुकडीवर करून पाहिलं, नऊ तास लागले, ठरवले होते सात. पहिल्या तासाला २८ मुलांपैकी २२ जणांनी "जवळ जाते" लिहिलं होतं. चौथ्या तासाला उत्तरवाले आणि दक्षिणवाले आपापले आकडे फळ्यावर लिहायला आले आणि दक्षिणवाल्यांना सगळे म्हणाले तुमचं चुकलंय. त्यांनी परत जाऊन पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घेऊन मोजलं, तेच आलं. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात स्वतःहून बोललेला नाही, तो म्हणाला, "पण मग जवळ कोण गेलं?" मी काही बोलले नाही, खडू घेतला.

देखणं काहीच झालं नाही यंदा. प्रदर्शनात टेबलावर बोटांचे डाग पडलेले आलेखाचे कागद आणि पुठ्ठ्याची चार पॅनेलं होती. एकट्याला विचारायचा प्रश्न होता "अक्ष सरळ उभा असता तर तुमच्या गावी काय झालं असतं", २८ पैकी १९ जणांनी बरोबर लिहिलं. नऊ जणांशी अजून बोलतेय, त्यातल्या चौघांना दिवसाची लांबी आणि ऋतू यांत गोंधळ आहे, तो माझ्या आखणीत राहून गेलाय.

आणि काल विषुववृत्ताचा गट आला, त्यांच्याकडे पॅनेल मार्चमध्येही आडवं आणि सप्टेंबरमध्येही आडवं येतंय, वर्षातून दोनदा सूर्य डोक्यावर. विचारत होते बाई मग आमच्याकडे उन्हाळे दोन का? गटात दोन तट पडलेत. उद्या पहिल्या तासाला टॉर्च परत काढणार आहोत.